चष्मा फक्त मांजरांसाठी

बाय माणसांसाठी चष्मा लावत नसे. चष्मा गळ्यात लोंबत असायचा. त्याची एक काडी कधीच तुटलेली होती आणि तिच्या जागी जाळ्याचा निळा नायलॉनचा दोरा बांधलेला होता. पोस्टमन येवो, मतदार यादी घेऊन मास्तर येवोत, नाहीतर पुण्याहून तिचा स्वतःचा नातू येवो, बाय डोळे बारीक करून नुसत्या नजरेनंच बघायची. पण गल्लीतलं एखादं मांजर रोजच्यापेक्षा वेगळं चालताना दिसलं, की चष्मा लगेच नाकावर. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, "माणसा बिनचष्म्याची बरी दिसतान."

उरणजवळच्या एका गावात मी चार वर्षं तिच्या घरामागच्या खोलीत भाड्यानं राहिले. मी मूळची माणगावची. बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात कागदपत्रांच्या कामाला लागले होते. यार्डातच एका दुपारी, कंटेनरला लावायच्या सिलांचा खोका उघडला, तर आत तळहाताएवढं मांजराचं पिल्लू झोपलेलं. म्हणून तिचं नाव सील पडलं. मांजर ठेवायला कोणी घरमालक तयार होईना. शेवटी कोणीतरी सांगितलं, त्या म्हातारीकडे जा, पण तिचं डोकं जरा वेगळं आहे.

मी गेले तेव्हा बाय ओटीवर मीठ घातलेला कोरा चहा पीत बसली होती. मी माझं नाव, गाव, नोकरी सांगायला लागले. तिचं लक्षच नव्हतं. तिनं चष्मा चढवला, माझ्या हातातल्या टोपलीकडे पाहिलं आणि मग चक्क पाठ फिरवून बसली. दहा मिनिटं गेली. मला वाटलं, नकार दिला. तेवढ्यात सील टोपलीतून उतरली, बायच्या पाठीमागून गेली आणि तिच्या लुगड्याच्या काष्ट्याला नाक लावून उभी राहिली.

"मांजर चांगला हाय," बाय म्हणाली. "रवा इथंच."

"तुम्हाला डिपॉझिट किती..."

"तुमाला? तुमाला कोन? मी एकलीच हाय इथं. तू बोल मना."

त्या दिवसापासून मीही तिला गल्लीसारखं 'बाय' आणि 'तू' म्हणायला लागले.

तिचं लहानपण मिठागरात गेलेलं. आईवडिलांबरोबर खाऱ्या पाण्यात उभं राहून मीठ ओढायचं काम. तिचे तळपाय अजूनही भेगाळलेल्या शेतासारखे होते. पुढे ती गुरांच्या एका दवाखान्यात परिचर म्हणून लागली आणि तीस वर्षं तिनं एकच काम केलं. डॉक्टर सुई टोचेपर्यंत जनावर धरायचं. शाळा चौथीपर्यंत. माणसांची नावं तिच्या लक्षात राहत नसत, किंवा ती ठेवत नसे. समोरचा रिक्षावाला 'लंगड्या बोक्याचा बाप', कोपऱ्यावरची शिक्षिका 'तीन पिलांची'. मी अर्थातच 'सीलची आय'. मात्र गल्लीतल्या कुठल्याही मांजराची आई, आजी आणि बाप कोण, हे तिला तोंडपाठ होतं. बाप कोण, हे सांगताना ती आवाज खाली आणत असे.

मी राहायला आले त्याच्या दुसऱ्या वर्षी सील अंग चाटायला लागली. मांजरं चाटतातच, म्हणून आधी मी लक्ष दिलं नाही. मग पोटाखालचे केस विरळ झाले. मग मांड्यांच्या आतली गुलाबी कातडी दिसायला लागली. एका संध्याकाळी पाठीवरून हात फिरवला, तर शेपटीच्या मुळाशी आणि मानेभोवती बोटांना बारीक बारीक खपल्या लागल्या, जणू केसांत रवा सांडलाय. केस बाजूला केले, तर कुठे सुकलेलं रक्त, कुठे ओल.

आता हे मी बायला दाखवायला हवं होतं. पण दाखवलं नाही. लाज वाटली. जिनं माझ्याकडे न बघता फक्त मांजराकडे बघून खोली दिली, तिच्यापुढे हे मांजर कुठल्या तोंडानं नेणार? मी खोबरेल तेल लावलं, सीलनं ते चाटून टाकलं. कडुलिंबाच्या पाण्यानं पुसलं, ती दोन दिवस कपाटावरून उतरली नाही. खाज आणखीच वाढली.

बायला कळायचं ते कळलंच. एका शनिवारी सकाळी ती माझ्या दारात उभी राहिली. डोळ्यांवर चष्मा होता.

"किती दिस लपवनार?" तिनं विचारलं.

ती आत आली, फरशीवर बसली, सीलकडे पाठ केली. मी हाक मारायला गेले, तर तिनं हात वर करून मला गप्प केलं. मांजराला हाक मारलेली तिला खपत नसे. अर्धा तास आम्ही दोघी तशाच बसलो होतो, पाहुण्यांच्या घरी बोलायला विषय संपल्यासारख्या. मग सील आपण होऊन आली आणि बायच्या मांडीला अंग घासून तिथंच आडवी झाली.

बायनं कमरेच्या पिशवीतून बारीक दातांची उवांची फणी काढली. शेपटीच्या मुळापासून हलक्या हातानं दोन-तीनदा फिरवली. फणीत थोडे केस आले आणि मिरपुडीसारखे काळे कण. ते तिनं माझ्या पांढऱ्या रुमालावर झटकले.

"मळ आहे," मी म्हणाले.

"पानी आन."

तिनं रुमालावर पाण्याचे चार थेंब सोडले. आम्ही बघत राहिलो. एकेका काळ्या कणाभोवती तांबडं वर्तुळ उमटायला लागलं. कण विरघळले आणि रुमालावर रक्ताचे डाग राहिले.

"ह्यो तिचाच रगत हाय," बाय म्हणाली. "पिसवांनी प्यायला आन हागून ठेवला."

मला रागच आला. माझी खोली आरशासारखी स्वच्छ असायची. "माझ्या घरात पिसवा? मी एकही बघितली नाही, बाय."

"तुना कशी दिसल? ती दिसभर चाटून चाटून खाते त्यांना. कोन्या कोन्या मांजराला एक पिसू चावली तरी पुरं. अंगभर खाज सुटते." मग तिनं चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "सोमवारी डाक्टरकरं ने. मांजराचाच औषध घे. तोवर तुज्या हातानं काय पन लावू नको. आयकलास?"

मी हो म्हणाले.

आणि रविवारी सकाळी मी औषध लावलं.

त्यात कुणाचाच वाईट हेतू नव्हता. यार्डातल्या एका सहकाऱ्याकडे कुत्रा होता. मी फोनवर पिसवांचं सांगितलं, तर तो म्हणाला, अर्धी ट्यूब शिल्लक आहे, मानेवर सोडायची, काम फत्ते. त्यानं आणून दिली. मला वाटलं, पिसू ती पिसूच, कुत्र्यावरची काय आणि मांजरावरची काय. सोमवारपर्यंत कशाला तिनं खाजवत बसायचं? मी सीलला मांडीवर घेतलं, लाड केले आणि तिच्या मानेवर ते थेंब सोडले.

दुपारी जेवून भांडी घासत होते, तेव्हा सील माझ्या पायाशी आली. तिचे कान थरथरत होते. मला गंमत वाटली. मग एक पाय झटकायला लागला. मग पाठीवरची कातडी वारा सुटलेल्या पाण्यासारखी हलायला लागली. ती चालायला गेली आणि कुशीवर पडली. तोंडातून लाळ. डोळे उघडे, पण त्यात मी नव्हते.

मी "बाय!" अशी ओरडले, की पलीकडच्या गल्लीतली माणसं बाहेर आली.

बाय आली. तिनं एकदा सीलकडे पाहिलं, एकदा ओट्यावरच्या ट्यूबकडे. काय केलंस, कधी केलंस, कशाला केलंस, काहीएक विचारलं नाही.

"कोमट पानी. भांडी घासायचा साबन. टावेल," ती म्हणाली. "कढत नको. कोमट."

मी बादली आणली. बायनं सीलला एका हातानं असं धरलं, की झटके येत असूनही तिचं डोकं कुठे आपटलं नाही. दुसऱ्या हातानं मानेवर साबण चोळला. धुतलं, पुन्हा साबण, पुन्हा धुतलं. तोंडात पाणी जाऊ दिलं नाही. तिचे ते मिठानं चिरलेले हात एवढे हळू फिरत होते, की मी रडायचं विसरून बघत राहिले. कोरडं करून टॉवेलात गच्च गुंडाळलं, फक्त तोंड बाहेर. "चाटाया देऊ नको. ऊब दे," एवढंच म्हणाली आणि 'लंगड्या बोक्याच्या बापाला' हाक मारली.

रविवार असल्यानं जवळचं सगळं बंद होतं. पनवेलला एक तरुण डॉक्टर रविवारीही दवाखाना उघडा ठेवतो, हे रिक्षावाल्याला ठाऊक होतं. आम्ही निघालो. आणि अर्ध्या वाटेत ट्रेलरच्या रांगेत अडकलो. बंदराकडे जाणारे-येणारे कंटेनर दोन्ही बाजूंनी भिंतींसारखे उभे. इंजिनं बंद, काही ड्रायव्हर खाली उतरून चहा पिताहेत. सील माझ्या छातीशी थडथडत होती.

बाय रिक्षातून उतरली. वय बहात्तर. पदर खोचला आणि रस्त्याच्या मधोमध, दोन ट्रेलरच्या फटीतून चालायला लागली. पहिल्या ट्रेलरच्या दारावर थाप मारून म्हणाली, "ए, मागं घे जरा. पोर मरतंय." ड्रायव्हर वरून ओरडला, "कुणाचं पोर, आजी?" बाय म्हणाली, "माजं." त्यानं गाडी हातभर मागे घेतली. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. ती पुढे चालत होती आणि तिच्या मागून आमची रिक्षा त्या लोखंडी भिंतींमधून सरकत होती. मी त्या रस्त्यानं रोज नोकरीला जात होते. त्या ट्रेलरना पोलिसांच्या शिट्टीलाही हलताना मी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरनं सीलला आत नेलं, सलाइन लावलं, झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं. तासाभरानं बाहेर येऊन म्हणाला, "कुत्र्यांच्या या औषधात जे असतं, ते मांजराच्या शरीराला पचवताच येत नाही. निम्मी मांजरं माझ्याकडे पोचेपर्यंत हातची गेलेली असतात. हिला कुणी धुतलं?"

मी बायकडे बोट दाखवलं. ती बाकावर न बसता भिंतीला टेकून खाली बसली होती.

"तुम्हाला कसं माहीत, आजी?" डॉक्टरनं विचारलं.

बायनं डोळ्यांवरचा चष्मा काढून गळ्यात सोडला. मग म्हणाली, "मी एक मारलंय."

दवाखान्यात लागली त्या पहिल्या वर्षातली गोष्ट तिनं तिथं सांगितली. कोणी पोर अंगभर पिसवा झालेलं मांजर घेऊन आलं होतं. डॉक्टर फिरतीवर होते. हिला वाटलं, एवढ्याशा कामाला डॉक्टर कशाला. गुरांच्या गोचिडांचं औषध बाटलीत होतं. तेच पाण्यात कालवून तिनं मांजराला चोळलं. "माज्या हातातच गेलं," बाय म्हणाली. "असंच थडथडत. मना कललंच न्हाय काय करायचं ते. नंतर डाक्टर बोलले, लगेच साबनानं धुतलं असतंस तर कदाचित वाचलं असतं. तवापासून जनावर समोर आलं का मी आधी बगते. हात नंतर."

मी तिच्या शेजारी फरशीवर बसले. माफी मागायची होती. बायनं माझ्याकडे न बघता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू मारलं न्हायस," ती म्हणाली. "तुज्याजवल मी व्हते. माज्याजवल कोन नव्हतं."

सील तिसऱ्या दिवशी घरी आली, लुळी, पण जिभेला पेज लावली तर चाटणारी. पुढे ती सावरल्यावर डॉक्टरनं मांजराचं औषध दिलं, वजन करून, महिन्यातून एकदा. बायचं त्यावर समाधान नव्हतं. "पिसू मांजरावर कमी आन घरात जास्ती," ती म्हणाली. तिनं माझी गोधडी, उशांचे अभ्रे, पायपुसणी सगळी कढत पाण्यात उकळायला लावली. फरशीच्या भेगा, पलंगाखालची धूळ, दर चार दिवसांनी. एवढ्यावरही थांबली नाही. सील ज्या मांजरांशी भांडते, त्या सगळ्यांना औषध पाहिजे, म्हणून ती घरोघर फिरली. 'तीन पिलांची' शिक्षिका कुरकुरली, तर बाय तिच्या दारात जाऊन बसली. न बोलता. शिक्षिकेनं तासाभरात पिलांना रिक्षात घातलं.

तीन महिन्यांनी सीलच्या पोटावर मऊ पांढरे केस आले. खपल्या गळून गेल्या. मी आनंदानं सांगायला गेले, तर बाय म्हणाली, "अजून दोन महिने दे औषध. तुमी माणसा बरा झाला का सोडता."

तुम्हाला वाटेल, बाय प्रत्येक मांजराच्या खाजेला पिसूच म्हणायची. तसं नव्हतं. आमच्या गावात ट्रेलरच्या धंद्यात पैसा केलेले एक शेठ होते. त्यांनी नवा बंगला बांधला, खालपासून वरपर्यंत काचांचा. त्यांच्या मांजरीनं पोट आणि मांड्या चाटून साफ टकल्या केल्या होत्या. त्या पनवेलच्या डॉक्टरनं तपासलं, कातडी स्वच्छ, लघवी ठीक, खाणं बदलून पाहिलं, काही फरक नाही. तो शेठना म्हणाला, "हिला कसला तरी ताण आहे. कसला, ते मला इथं बसून कळणार नाही. तुमच्या गावात एक आजी आहेत, त्यांना विचारा."

सुट्टी होती, म्हणून मीही बायबरोबर गेले. शेठ म्हणाले, "बाय, ताण कसला? तिला एसी हाय, झोपायला गादी हाय. माज्यापेक्षा सुखात हाय ती."

बायनं चष्मा चढवला आणि त्या संगमरवरी हॉलमध्ये जाजम बाजूला सारून खाली बसली. सकाळी आठपासून. शेठच्या बायकोनं चहा आणला, बायनं मीठ मागितलं. नऊ वाजले, दहा वाजले. शेठ दोनदा येऊन घड्याळ बघून गेले. मला अवघडल्यासारखं झालं. बाय हललीसुद्धा नाही.

अकराच्या सुमारास कुंपणाच्या भिंतीवर एक तांबडा बोका आला. खाली उतरला, हिरवळीवरून सावकाश चालत आला आणि काचेला नाक लावून आत बघत बसला. हॉलमधली मांजर जमिनीला चिकटली. शेपटी फुगली. बोका पाच मिनिटं बसला, काचेवर शेपटी वर करून मुतला आणि गेला. मांजर सोफ्याखाली गेली. थोड्या वेळानं आतून आवाज यायला लागला, चप् चप् चप्. चाटण्याचा.

शेठ हसले. "तो तर भायेर हाय! काच हाय मधी. तिला काय करनार तो?"

"तुमाला काच दिसते," बाय म्हणाली. "तिला बोका दिसतो. तुमाला वाटतं तो भायेर हाय. तिला वाटतं तो घरात हाय. तुमच्या घरात रोज अकरा वाजता असा कोन येऊन बसला असता, तर तुमी काय केलं असतं?"

शेठचं हसू गेलं. त्याच दिवशी काचेला कमरेएवढ्या उंचीपर्यंत धुरकट कागद चिकटवला, वास जाईपर्यंत काच बाहेरून धुऊन घेतली. बोक्याचं नसबंदीचं ऑपरेशन झालं. मांजरीला उंच कपाटावर एक जागा करून दिली. दोनेक महिन्यांत केस भरायला लागले. शेठनी बायला साडी आणली. तिनं ती घेतली आणि तिचे दोन तुकडे करून आजारी मांजरांना गुंडाळायला ठेवले.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. मी सीलला घेऊन माणगावला परत आले. बायला फोन वापरता येत नसे, म्हणजे यायचा, पण आवडत नसे. मधूनमधून रिक्षावाल्याकडून निरोप यायचा. त्यातच कळलं, की तो पनवेलचा डॉक्टर स्वतः तिच्या ओटीवर येऊन बसला होता आणि तिला म्हणाला होता, आठवड्यातून दोन दिवस माझ्या दवाखान्यात या. बाय पुण्याच्या मुलांना न विचारता एसटीनं जायला लागली होती, एकटी.

मागच्या पावसाळ्यानंतर कामासाठी पनवेलला गेले, तेव्हा वाकडी वाट करून त्या दवाखान्यात गेले. बाहेर गर्दी. कुत्री भुंकत होती, माणसं फोनवर बोलत होती. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. एक वयस्क गृहस्थ दाराशी उभे होते, दोन्ही हातांवर ओरबाडे. त्यांची मांजर गेला महिनाभर कुणाला अंगाला हात लावू देत नव्हती. मान खपल्यांनी भरली होती. डॉक्टरलाही ती चावली होती.

आत, फरशीवर बाय बसली होती. ती मांजर तिच्या मांडीवर पसरली होती आणि बायची बोटं तिच्या मानेतल्या खपल्यांच्या कडेकडेनं, एकीलाही न दुखवता फिरत होती. मांजरीनं डोळे मिटले होते. बाहेरची भुंकाभुंक त्या खोलीत शिरतच नव्हती.

गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी हात जोडले आणि हलक्या आवाजात विचारलं, "तुम्ही मोठ्या डॉक्टर का?"

"न्हाय रे बाबा," बाय म्हणाली. "मी नुसती धरते."

डॉक्टर सुई भरून तिच्यापुढे उकिडवा बसून होता. बायचा हात मांजरीच्या मानेवर स्थिरावला. बायनं मान डोलावली, तेव्हाच तो पुढे झाला.